लालबागहून ब्रॅम्प्टनला बोगदा

बोगदा मीच बसवला. हे आधी सांगून टाकतो, कारण आमच्या चाळीत आता तीन जण तो आपण बसवला असं सांगत असतात, आणि त्यातल्या एकाला अजून माउस कुठल्या हातात धरायचा हे ठरवता आलेलं नाही. शेवटी जी चूक झाली तीही माझीच. तिच्यावर मात्र हक्क सांगायला कोणी आलं नाही.

हा बोगदा मातीतला नाही. लालबागच्या आमच्या चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जो कॉम्प्युटर आहे, तिथून तो निघतो आणि कॅनडातल्या ब्रॅम्प्टन गावी माझ्या मुलाच्या, अभयच्या घरात एक प्रिंटर आहे, तिथे पोचतो. इंटरनेटच्या आतून जातो. त्यातून जे जातं ते कुलूपबंद जातं, वाटेत कोणाला वाचता येत नाही. त्याला व्हीपीएन म्हणतात. मी बत्तीस वर्षं पालिकेच्या वर्कशॉपात पाइप फिटर होतो. त्यामुळे मला तो पाइपच वाटला, आणि पाइप म्हटल्यावर मला तो जमणार असंही वाटलं. इथपासूनच चुकलं असावं.

खरं तर हे काम माझ्या बायकोचं, बकुळाचं. कॉम्प्युटर तिचा. एकसष्टाव्या वर्षी ती परळला बायकांच्या क्लासला जाऊन मराठी टाइप करायला शिकली. अभयचा जुना कॉम्प्युटर होता, त्यात विंडोज फार हळू चालायचं म्हणून त्याने लिनक्स घालून दिलं. पहिला बोगदाही त्यानेच घालून दिला होता. रोज चारचा चहा झाला की बकुळा त्या मशीनसमोर बसायची आणि नातीसाठी एक पान लिहायची. एकच पान. लिहून झालं की प्रिंटचं बटण दाबायची आणि खिडकी बंद करायची. पान साठवून ठेवायची नाही. मी एकदा म्हटलं, अगं, जपून ठेव. तर म्हणाली, पत्र पेटीत टाकल्यावर त्याची प्रत कोण घरी ठेवतं?

आपल्याकडे चार म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा. आमची नात मनाली, वय वर्षं आठ, उठून दात न घासता खाली धावायची आणि प्रिंटरमधून आजीचं पान काढायची. अभय मुलीच्या हातात मोबाइल देत नाही. त्यामुळे व्हॉट्सॲप वगैरेचा प्रश्न नव्हता. कागदच हवा होता.

एप्रिलमध्ये बकुळा गेली.

त्याच महिन्यात अभयने घर बदललं आणि बोगदा तुटला. तो कधी तुटला याचा हिशेब त्या वेळी कोणी केला नाही, कारण आमच्याकडे हॉस्पिटल चालू होतं आणि त्याच्याकडे खोकी. जूनमध्ये एका रविवारी मनाली फोनवर म्हणाली, "आजोबा, आजीचं पान आता येणार नाही हे मला माहीत आहे. तुमचं कधी येणार?"

मी म्हटलं, "सोमवारी."

मग अभयने फोन घेतला. म्हणाला, "बाबा, तुम्ही उगाच कबूल करू नका. मी डिसेंबरमध्ये आलो की करतो. तुम्हाला नाही जमणार ते."

त्याने नुसतं डिसेंबर म्हटलं असतं तर मी थांबलो असतो. पण नाही जमणार म्हणाला. ज्या माणसाने अख्ख्या नायगावच्या पोलीस वसाहतीला पाणी पोचवलंय त्याला नाही जमणार. मी म्हटलं, "काय करायचं ते लिहून पाठव." त्याने चार पानं पाठवली.

पहिल्या पानावर लिहिलं होतं की आपल्याकडे स्वतःचा पत्ता हवा. हे मला अभयने फोनवर समजावलं. त्याच्या जुन्या घराच्या इंटरनेटला स्वतःचा पत्ता होता, त्यामुळे आपण इथून तिकडे जायचो. नव्या इमारतीत सगळ्यांना मिळून एकच पत्ता आहे. म्हणून आता बोगद्याचं तोंड आपल्याकडे उघडायला हवं. आणि आपल्याकडेही कंपनीने दोनशे घरांना एकच पत्ता दिलेला.

हे समजायला मला अजिबात वेळ लागला नाही. ऐंशी खोल्यांच्या चाळीत अडुसष्ट वर्षं काढली आहेत. पोस्टमन सगळी पत्रं जिन्याच्या पहिल्या पायरीवर टाकून जायचा आणि म्हणायचा, वाटून घ्या. घरातून बाहेर जायला अडचण नाही, बाहेरून आलेल्याला मात्र आपलं दार सापडत नाही. म्हणजे मला इंटरनेट कंपनीकडून स्वतंत्र दार मागायचं होतं. एवढंच.

मी कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, "सर, कनेक्शन बकुळा मॅडमच्या नावावर आहे. त्यांच्याशी बोलावं लागेल."

"त्या नाहीत," मी म्हटलं.

"कधी येतील?"

मी म्हणालो, "त्या आता येणार नाहीत."

"ओके सर. मग आम्ही उद्या फोन करतो."

त्यांनी खरोखर दुसऱ्या दिवशी फोन केला. मॅडम आल्या का म्हणून विचारलं. तिसऱ्या दिवशीही केला. तसा मला रोज आठवण करून देणाऱ्याची गरज नव्हती. चौथ्या दिवशी मी मृत्यूचा दाखला घेऊन त्यांच्या हिंदमाताच्या ऑफिसात गेलो. खाली साड्यांचं दुकान, वर ऑफिस. जिन्यात बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. बकुळाबरोबर या जिन्याखाली मी कितीदा तरी तास तास उभा राहिलोय, आणि प्रत्येक वेळी तोंड वाकडं करून. त्या दिवशी मी उगाचच पाच मिनिटं तिथे उभा राहिलो.

काउंटरवर अपेक्षा नावाची मुलगी होती. चांगली होती. तिने फॉर्म भरला आणि म्हणाली, "काका, इथे जुन्या खातेधारकाची सही लागेल. मॅडम कनेक्शन सोडत असल्याची."

"त्यांनी सगळंच सोडलंय," मी दाखला पुढे केला.

तिने दाखला पाहिला, मग कॉम्प्युटर पाहिला. म्हणाली, "सही नसेल तर कारण निवडावं लागतं. यात तीनच कारणं आहेत. परदेशी आहेत, घर बदललं, किंवा नाव चुकलंय."

आम्ही दोघं बराच वेळ त्या तीन कारणांकडे बघत होतो. नाव चुकलेलं नव्हतं. परदेशी म्हटलं तर पासपोर्ट मागतील. शेवटी मी म्हटलं, "घर बदललं, लिहा."

ती म्हणाली, "सॉरी काका," आणि त्यावर क्लिक केलं. आठ दिवसांनी मला स्वतःचा पत्ता मिळाला.

आता या सगळ्याची चाळीत बातमी झाली. आमच्याकडे कुकरची शिट्टी कमी झाली तरी बातमी होते. माझ्या शेजारचा लवू, हा माझ्याच गावचा, मालवणच्या बाजूचा. लहानपणी सुट्टीत गावी एकत्र विटीदांडू खेळलो, आता एकत्र बीपीच्या गोळ्या घेतो. तो दारात येऊन म्हणाला, "दत्ता, माका एक सांग. त्या बोगद्यातसून माणूस जाता काय?"

"माणूस नाही. कागद जातो."

"मगे कित्याक एवढो खटाटोप? माणूस जायत होतो तर मी इलंय असतंय."

समोरच्या खोलीतली दर्शना पतपेढीत काम करते. तिचा आक्षेप वेगळा होता. "काका, नातीला लिहायला एवढं कुलूप कशाला? आमची आजी पोस्टकार्ड लिहायची. सगळी वाडी वाचायची, मग आम्हाला मिळायचं." मी म्हटलं, हे असंच बसतं, कुलपाशिवाय बसत नाही. तिने हसून मान हलवली. दुसऱ्या दिवशी नळावर चर्चा झाली की दत्ताराम असं काहीतरी लिहितो जे कोणी वाचू नये.

रघुवीर मात्र उपयोगी पडायला आला, आणि तेच भोवलं. रघुवीर टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेला. तारेतून जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर तो आपला हक्क समजतो. तो रोज दुपारी येऊन माझ्यामागे खुर्ची टाकून बसायचा आणि मी टाइप करायला लागलो की "हं" म्हणायचा. ते हं बरोबर आहे म्हणून की चूक आहे म्हणून, हे बत्तीस ओळी टाइप केल्या तरी मला कळलं नाही.

त्या काळ्या पडद्यावर टाइप करायचं मला आधी अवघड गेलं. एक टिंब चुकलं की मशीन इंग्रजीत चार ओळी ओरडायचं. आणि सगळं बरोबर असलं तर काहीच बोलायचं नाही. नुसतं खालच्या ओळीवर जाऊन थांबायचं. मला ते बरं वाटलं. काम झालं तर बोलायचं कशाला? पण बकुळा एकदा म्हणाली होती ते तेव्हा आठवलं. म्हणाली होती, हे मशीन तुमच्यावर गेलंय.

दुसऱ्या पानावर चाव्या होत्या. बोगद्याच्या प्रत्येक टोकाला दोन चाव्या करायच्या. एक समोरच्याला द्यायची, एक आपल्याजवळ ठेवायची. चावी म्हणजे चव्वेचाळीस अक्षरांची एक ओळ, तिला काही अर्थ नाही. मी द्यायची ती अभयला दिली. ठेवायची ती कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून काढली आणि लवूकडे ठेवायला दिली. हे मी विचार न करताच केलं. चाळीत आपली एक चावी शेजारी असतेच. आमच्या खोलीची चावी चाळीस वर्षं लवूकडे आहे आणि त्याची माझ्याकडे. रात्रपाळीच्या माणसाला दार उघडायला बकुळाला उठावं लागू नये म्हणून सुरू झालेली पद्धत, मी रिटायर झालो तरी चालू आहे.

संध्याकाळी अभयला सहज सांगितलं.

"बाबा, ती कोणाला दाखवायची नव्हती."

"दाखवली कुठे? ठेवायला दिली."

"आणखी कोणी पाहिली?"

"लवूने देव्हाऱ्यात ठेवलीय. म्हणजे लवू, कमलवहिनी आणि गणपती."

त्याने मला नवीन चावी करायला लावली. ती मी कोणालाच दिली नाही. झालं, लवूला लागलं. "चाळीस वर्सां तुझी चावी सांबाळलंय," तो म्हणाला, "एक दिस तुझ्या घरातली वाटी इकडची तिकडे झाली नाय. आता अक्षरां पण माझ्याकडे ठेवूक भियतंस." दोन दिवस बोलला नाही. त्याच्या बायकोने, कमलवहिनींनी, आमच्याकडे यायची आमटीची वाटी बंद केली. अभयला मी हे सांगितलं नाही. त्याला सुरक्षा म्हणजे काय ते कळतं, आमटीचं कळणार नाही.

आणि याच सुमाराला चाळीची समिती मध्ये आली. आमच्या चाळीचा पुनर्विकास व्हायचाय. बिल्डर ठरायचाय. अशा दिवसांत चाळीत कोणी जिन्यात हळू बोललं तरी लोक दचकतात. नळावरची चर्चा तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत अशी झाली की दत्तारामने घरातून बिल्डरपर्यंत बोगदा काढलाय, त्यातून कागद जातात, आणि ते कोणाला वाचता येत नाहीत. यातलं शेवटचं खरंच होतं. समितीचे अध्यक्ष गणपतराव घरी आले. बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "दत्ताराम, आपली इतक्या वर्षांची ओळख. कागद कसले जातात ते समितीला दाखवा."

मी म्हटलं, "नातीला पत्र जातं."

"मग दाखवायला काय हरकत आहे?"

खरं म्हणजे हरकत होती. मला अपमान वाटला. पण मी म्हटलं, या शनिवारी चार वाजता.

शनिवारी दहा बाय बाराच्या खोलीत अकरा माणसं. गणपतराव पलंगावर, दर्शना आणि तिची सासू स्वयंपाकाच्या कट्ट्याला टेकून, रघुवीर माझ्यामागे त्याच्या नेहमीच्या खुर्चीत. लवू रागात असल्यामुळे आत आला नाही, दारात उभा राहून आत बघत होता. मी पान आधीच लिहून ठेवलं होतं. तीन दिवस लागले होते. माझं पहिलं पान. 'चि. मनालीस, अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम' असं सुरू केलं होतं आणि पुढे हवामान लिहिलं होतं. गणपतरावांनी ते पडद्यावर वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की बिल्डरला लिहिलं असतं तर निदान वाचायला बरं झालं असतं.

अभय फोनवर होता. तिकडे सकाळ. तो आणि मनाली प्रिंटरपाशी उभे. मी बोगदा चालू केला. मशीन काही बोललं नाही, म्हणजे बरोबर. मी प्रिंट दाबलं.

"आलं का?"

"नाही बाबा."

आम्ही थांबलो. अकरा माणसं एका खोलीत गप्प असली की फार वेळ गेल्यासारखं वाटतं. गणपतराव खोकले. दर्शनाची सासू म्हणाली, "आमच्या टीव्हीचं पण असंच व्हायचं."

रघुवीर मागून पुढे झुकला. "दत्ता, आधीचे कॉल अडकलेत का बघ. लाइनवर जुनं काही उभं असेल तर नवीन जात नाही."

त्याने कुठे बघायचं ते दाखवलं. प्रिंटरची यादी उघडली. खरंच होतं. माझ्या पानाच्या पुढे अकरा कामं ओळीने उभी होती.

"क्लिअर कर," रघुवीर म्हणाला. "सगळी लाइन साफ कर. एक्स्चेंजला आम्ही हेच करायचो."

यादीचे मथळे इंग्रजीत, अक्षर बारीक, चष्मा कपाळावर. माझं पान शेवटी होतं म्हणून त्याला हात न लावता वरची अकरा निवडली आणि रद्द केली. मशीनने एक प्रश्न विचारला. मशीन एरवी मला काही विचारत नाही. मी हो दाबलं.

दहा सेकंदांत तिकडून आवाज आला. प्रिंटर घरघरला, आणि मनाली म्हणाली, "आलं!"

खोलीत टाळ्या पडल्या. गणपतराव म्हणाले, "बरं झालं, शंका मिटली." लवू दारातून आत आला आणि म्हणाला, "मी तुका आधीच सांगलंलंय जमतला म्हणान." त्याने असं काही सांगितलं नव्हतं, पण मी चहा टाकला आणि त्यात त्याचाही धरला. फोनवर मनाली माझं हवामान वाचत होती.

तीन दिवस मी चाळीत मोठ्या ऐटीत फिरलो. हे लिहायला नको वाटतं, पण फिरलो.

मंगळवारी अभयचा फोन आला. बोगदा चालू झाल्यामुळे त्याला आता तिकडून आपलं मशीन दिसत होतं. म्हणाला, "बाबा, शनिवारी तुम्ही काही जॉब कॅन्सल केले का?"

"अकरा. जुनी अडकलेली होती."

तो म्हणाला, "त्यांच्या तारखा बघितल्या का?"

मी चष्मा लावून मशीनसमोर बसलो. त्याने सांगितलं तिथे यादी उघडली. रद्द झालेल्या कामांची नावं तिथे राहतात, आतला मजकूर राहत नाही. पान साठवलेलं नसलं तर मशीन त्याची पहिली ओळ नाव म्हणून घेतं. अकरा नावं मराठीत होती. शनिवारी मी ती बघितलीच नव्हती. आकडा बघितला होता.

तारखा एप्रिलच्या. पहिली अभयने घर बदललं त्या दिवसाची. शेवटची बकुळाला हॉस्पिटलात नेलं त्याच्या आदल्या दिवसाची. अकरा दिवस ती चारला बसत होती, लिहीत होती, बटण दाबत होती. बोगदा तुटलाय हे तिला कळलं नाही, कारण मशीन काही बोललं नाही. पानं पोचत असतील असंच तिला वाटत होतं, आणि तिकडे प्रिंटर अजून खोक्यात असल्यामुळे कोणी विचारलंही नाही. ती पानं इथेच उभी होती. दोन महिने.

"परत मिळतील का?"

"मी बघितलं बाबा. नाही." मग तो हळू आवाजात म्हणाला, आणि मला वाटतं हे त्याला बोलायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून, "शनिवारी पहिल्यांदा प्रिंटर जरा हलला होता. ट्रेमधून कागद आत ओढायला लागला होता. मग थांबला. मला वाटलं, गरम होतोय."

म्हणजे पाच मिनिटं थांबलो असतो तर ती अकराच्या अकरा ओळीने बाहेर आली असती, आणि शेवटी माझं हवामान.

वर्कशॉपात नवीन लोक आले की मी त्यांना पहिली गोष्ट हीच सांगायचो. पाइप तुंबला की लगेच जोर लावू नका. आधी आत काय उभं आहे ते बघा. शीवला एका इमारतीत असाच पाइप उघडला होता तेव्हा आत एका बाईची सोन्याची बांगडी निघाली होती. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं होतं. ही गोष्ट मी बकुळाला शंभर वेळा सांगितली असेल. तिने शंभर वेळा ऐकून घेतली.

ते अकरा दिवस मी तिच्याच खोलीत होतो. मशीनपासून माझी खुर्ची चार फुटांवर. तिने दोनदा तीनदा म्हटलंही होतं, तुम्ही पण एक ओळ लिहा, मनालीला बरं वाटेल. मी म्हटलं, तू लिहितेस ना. आणि पेपर वर केला.

मी अकरा ओळी वहीत उतरवून घेतल्या. रघुवीरला सांगितलं नाही. तो रोज येतो, अजून सांगितलेलं नाही. त्याचा दोष नाही. त्याने लाइन साफ कर म्हटलं, लाइनवर कोण उभं आहे ते बघायचं काम माझं होतं.

मग मी ठरवलं की ही पानं भरायची. पहिली ओळ तिची आहेच, पुढचं विचारून घ्यायचं. पहिली ओळ होती, 'आज लवूआजोबा स्वतःच्याच घरात कोंडले गेले.' मी वही घेऊन लवूकडे गेलो.

"ह्या तुका कोणी सांगला?" तो म्हणाला.

"बकुळाने."

तो खाली बसला. मग त्याने सांगितलं की कमलवहिनी बाहेरून कडी घालून बाजाराला गेल्या होत्या, आणि माझ्याकडची त्याची चावी काही कामाची नव्हती कारण कुलूप लावलेलंच नव्हतं. बकुळाने कडी काढली, पण आधी त्याच्याकडून गॅलरीतल्या अख्ख्या वाळवणाची राखण करायचं वचन घेतलं. राखण कशी केली ते त्याने करून दाखवलं. त्या दिवशी आमटीची वाटी परत सुरू झाली.

दुसरी ओळ, 'दर्शनाची इस्त्री आज उडून गेली.' दर्शनाने तोंडावर पदर घेतला. म्हणाली, "काकूंनी हे कॅनडाला कळवलं?" मग सांगितलं. तिसरी ओळ हिंदमाताच्या दुकानातली होती, साडी घ्यायला जाऊन पडद्याचं कापड घेऊन आल्याची. ते कापड मला कपाटात सापडलं. चौथी गणपतरावांवर होती. ती त्यांच्याकडून काढून घ्यायला दोन फेऱ्या पडल्या, आणि ते म्हणाले, छापा, पण नाव बदला. एकेका ओळीमागे लोक इतकं बोलायचे की मला पानात बसवताना काटछाट करावी लागायची. माझ्याच मजल्यावर हे सगळं घडलं होतं. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

रोज चारला एक पान जायचं. मनाली म्हणायची, हे आजीसारखं आहे थोडं. एकदा म्हणाली, आजी 'त्यानंतर' इतक्या वेळा लिहायची नाही. मी ते कमी केलं.

दहा पानं झाली. अकरावी ओळ राहिली. तारीख हॉस्पिटलच्या आदल्या दिवसाची.

'आज आजोबा खूप हसले.'

मी तो दिवस आठवून पाहिला. सकाळी तिला ताप होता. थर्मामीटर सापडत नव्हता म्हणून मी चिडलो होतो. दुपारी पेज केली, ती खाली लागली. चारला ती मशीनसमोर बसली, मी म्हटलं पडून राहा, ती म्हणाली पाच मिनिटं. पुढे आठवत नाही. हसण्यासारखं काही घडल्याचं आठवत नाही.

लवूला विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी तो दादरला डोळे तपासायला गेला होता. कमलवहिनींनी आवाज ऐकला नव्हता. दर्शना म्हणाली, "काका, तुम्ही हसलात असं कोणी सांगितलं तर आम्ही लक्षात ठेवलंच असतं." तिला तसं म्हणायचं नव्हतं. पण म्हणाली.

आठ दिवस विचारत होतो. मग मी ती एकच ओळ टाइप केली. खाली काहीतरी रचून लिहिता आलं असतं, इतक्या दिवसांत हात बसला होता. पण बाकीच्या दहा पानांना साक्षीदार होते. मी प्रिंट दाबलं.

थोड्या वेळाने फोन वाजला.

"आजोबा, एकच ओळ आलीय. खालचं छापलं नाही."

"तेवढीच आहे गं."

"का हसलात?"

"आठवत नाही."

"पण तुम्ही तिथे होतात ना?"

"होतो."

"मग बाबांना विचारू?"

"बाबा इथे नव्हते. आजीलाच माहीत होतं ते."

ती म्हणाली, "ठीक आहे," आणि दात घासायला गेली.

आता पानं माझी मलाच लिहायची आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर मी वर्कशॉपात ठेवायचो तशी वही काढली आणि दिवसभर जे घडेल ते लगेच टिपायला लागलो. सात वाजता दूध उतू गेलं. साडेआठला दर्शनाची सासू पापडांवरून कावळ्याशी भांडली, कावळा जिंकला. सव्वादहाला लवू बाजारातून आला आणि दारात उभा राहून मला विचारायला लागला, "दत्ता, तुझी चप्पल दिसणा नाय ती? खंय गेली?" चप्पल त्याच्याच पायात होती.

पुढे लिहिलं, मला हसू आलं. वेळही लिहिली.